लोखंडाच्या दोन रेषा

व्याख्यान आटोपून मंडळी घरी निघतील तेव्हा त्यांनी क्षणभर वायव्येकडे पाहावे. वसंतात दिवेलागणीनंतर त्या बाजूला एक ठळक, किंचित पिवळसर तारा मावळतीकडे झुकलेला दिसतो. तो ब्रह्महृदय. सारथी ह्या तारकापुंजातला तो मुख्य तारा. पाश्चात्त्य त्याला कॅपेला म्हणतात. नुसत्या डोळ्यांना तो एकटा दिसला तरी त्याचा प्रकाश मुख्यतः दोन राक्षसी ताऱ्यांचा आहे. ते १०४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात, आणि आपल्यापासून सुमारे ४३ प्रकाशवर्षे दूर आहेत. ह्या ताऱ्याभोवती साठ-सत्तर लक्ष अंश तापलेल्या विरळ वायूचे आवरण आहे, आणि त्या वायूत लोखंड आहे. ह्या लोखंडाच्या दोन प्रकाशरेषांची गोष्ट आज आम्हांला सांगावयाची आहे.

गोष्ट तशी लहान आहे. दोन रेषा, एक तेजस्वी व एक मंद. तेजस्वी रेषा मंद रेषेच्या किती पट, एवढाच प्रश्न. गणित सांगे चौपट, पुढे म्हणू लागले साडेतीनपट. आकाश सांगे दुप्पट, फार तर अडीचपट, तिप्पट. एवढ्याशा तफावतीपायी जवळजवळ पन्नास वर्षे मोठमोठ्या विद्वानांची झोप उडावी, याचे प्रथमदर्शनी हसू येते. परंतु ह्या तफावतीचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, ताऱ्याच्या, मोजणाराच्या की अणूच्या गणिताच्या, हा प्रश्न क्षुल्लक नाही. आपण ताऱ्याजवळ कधी गेलो नाही, आणि जाणार नाही. ताऱ्याचे तापमान, घनता, त्यातील द्रव्ये ह्यांविषयी जे काही आपण छातीठोकपणे सांगतो ते सारे प्रकाशरेषा वाचून सांगतो; आणि त्या रेषा वाचण्याची बाराखडी अणूच्या गणिताने पुरविलेली असते. बाराखडीतच एक अक्षर चुकले असेल तर त्या अक्षराने लिहिलेला प्रत्येक शब्द चुकीचा वाचला जाणार.

ह्या विद्येत लोखंडाने माणसांना चकविण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. आधीचा प्रसंग आमच्या मुलखाशी जोडलेला आहे; म्हणून त्याच्याकडे थोडे वळतो.

७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत सूर्याचे खग्रास ग्रहण झाले. सूर्यबिंब पूर्ण झाकले गेल्यावर भोवती जे रुपेरी प्रभामंडल दिसते, त्याचा प्रकाश यंग आणि हार्कनेस ह्या दोघांनी, एकमेकांच्या नकळत, वर्णपटदर्शकातून पाहिला. दोघांनाही एक हिरवी रेषा दिसली. किर्खोफने तयार केलेल्या सूर्याच्या वर्णपटाच्या नकाशात तिची जागा १४७४ ह्या आकड्यापाशी पडली. त्या जागी लोखंडाची एक रेषा नोंदलेली होती. मग हे लोखंडच असे म्हणावे, तर लोखंडाच्या इतर शेकडो रेषांपैकी एकही प्रभामंडलात दिसेना. शिवाय लोखंडासारखी जड वाफ सूर्यापासून लाखो मैल वर कशी तरंगावी? तेव्हा हे पृथ्वीवर न सापडलेले, अत्यंत हलके असे नवे मूलद्रव्य असले पाहिजे असे ठरले आणि त्याचे नाव पडले कोरोनियम. पुढे मेंडेलीव्हसारख्या धुरंधर रसायनज्ञानेही १९०२ साली ईथरवर लिहिताना हायड्रोजनाहून हलक्या द्रव्यांत ह्या कोरोनियमला जागा देऊ केली.

आता २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण पाहा. त्या दिवशी चंद्राची गडद छाया कोकणात विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली आणि देश ओलांडून ईशान्येकडे निघून गेली. विजयदुर्गाला लॉकियर आपल्या मंडळींसह तळ ठोकून होते. आपल्याकडे सर्रास ऐकू येते की हेलियमचा शोध लॉकियरने विजयदुर्गावरून १८६८ साली लावला. ह्या गैरसमजाला येथेच रजा द्यावी हे बरे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते आणि त्यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट २० ऑक्टोबरला तेथूनच, ग्रहणाशिवाय पाहिला. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी, १८९८ साली. किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही. केवळ सनावळी सुधारते.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे दोन मोठ्या छावण्या पडल्या होत्या. एक अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या कॅम्बेल यांची. दुसरी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख. वीस इंची आरशाची त्यांची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकॅनॉलला गेली. पुण्याने आपली वेधशाळा अशी हातची घालविली, याची खंत आम्हांला आजही वाटते. जेऊरला पूर्ण झाकोळ मिळाला अवघा दोन मिनिटांचा. तेवढ्यात ज्या काचा उमटल्या त्यांचा वृत्तांत नायगमवालांनी पुढे मुंबईत छापून प्रसिद्ध केला.

ह्या ग्रहणातून एक गोष्ट निष्पन्न झाली. ती दिसायला किरकोळ, पण फार मोलाची होती. जेऊरच्या कॅम्बेल यांच्या आणि विजयदुर्गाच्या लॉकियर यांच्या काचांवरून असे दिसून आले की हिरव्या रेषेची जागाच आजवर चुकीची धरली गेली होती. ती ५३१७ अँगस्ट्रॉमला नसून ५३०३ ला आहे. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. अशा चौदा भागांची चूक एकोणतीस वर्षे टिकून होती. ५३१७ ची जी रेषा होती ती सूर्याच्या खालच्या थरातील लोखंडाचीच, पण ती शेजारीण. म्हणजे गंमत अशी की १८६९ साली चुकीच्या मापावरून लोखंडाचे नाव निघाले. ते नाव खरे होते, पण पुरावा खोटा होता. १८९८ साली पुरावा सुधारला आणि लोखंडाचा उरलासुरला संशयही गेला. कोरोनियमचा पाया जणू अधिकच पक्का झाला.

पुढे चाळीस वर्षांनी उलगडा झाला. जर्मनीचे ग्रोट्रियन यांनी १९३९ साली धागा पकडला आणि स्वीडनचे एडलेन यांनी १९४२ साली तो शेवटपर्यंत ओढला. हिरवी रेषा लोखंडाचीच, पण अशा लोखंडाची की ज्याच्या सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकी तेरा उडून गेले आहेत. अणूला असे सोलून काढावयाचे तर वायू दहा-वीस लक्ष अंश तापलेला हवा. खाली सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत, आणि त्याच्यावरचे प्रभामंडल मात्र त्याच्या शेकडोपट तप्त! नवे मूलद्रव्य गेले, आणि त्याच्या जागी त्याहून मोठे नवल आले. आज भारताचे आदित्य हे यान, जे २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटले, त्याच्या प्रमुख उपकरणात ह्या ५३०३ च्या रेषेसाठी खास खिडकी ठेवलेली आहे. जेऊरच्या माळावर जी दोन मिनिटे उसनी मिळाली होती, ती आता ग्रहणावाचून मिळावीत अशी ही योजना.

दहा-वीस लक्ष अंश तापलेला वायू हिरव्या प्रकाशात जे बोलतो ते ओझरते. त्याचे खरे बोलणे क्ष-किरणांत चालते. आपले वातावरण क्ष-किरण खाली येऊ देत नाही, ते आपल्या प्रकृतीच्या दृष्टीने उत्तमच आहे. पण वेध घेणाराला उपकरण वर न्यावे लागते. महायुद्धानंतर हाती आलेल्या जर्मन व्ही-२ अग्निबाणांवर फ्रीडमन यांनी १९४९ साली गणकयंत्र बसवून सूर्याचे क्ष-किरण मोजले. १९६२ साली जियाकोनी, रोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण उगम वृश्चिक राशीत सापडला. १९७४ साली एका अग्निबाणाच्या अल्पशा उड्डाणात आपल्या ब्रह्महृदयाचे क्ष-किरण प्रथम हाती आले. ही सारी हकीकत एका परिच्छेदात कोंबणे अन्यायाचे आहे, पण आम्हांला आमच्या दोन रेषांकडे जावयाचे आहे.

लोखंडाच्या अणूतून एकेक इलेक्ट्रॉन काढत गेले की सोळावा निघाल्यावर दहा उरतात. दहा इलेक्ट्रॉन म्हणजे निऑन वायूची घडण. आतली दोन्ही घरे भरलेली, दारे बंद. अकरावा इलेक्ट्रॉन काढणे जेवढे सोपे, तेवढे ह्या दहांतला एक काढणे सोपे नाही. म्हणून तापमान बरेच खालीवर झाले तरी लोखंडाची ही अवस्था टिकून राहते आणि वीस लक्षांपासून सत्तर लक्ष अंशांपर्यंत कोठेही गाठ पडते. हिच्या रेषा स्वीडनमध्ये ट्युरेन यांनी १९३८ साली, निर्वात नळीत प्रचंड ठिणग्या पाडून, प्रयोगशाळेत मोजून ठेवल्या होत्या. १९६३ साली अमेरिकन अग्निबाणाने सूर्याचा क्ष-किरण वर्णपट आणला तेव्हा पंधरा ते सतरा अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात त्याच रेषा ठळकपणे उभ्या होत्या.

त्यांपैकी एक १५.०१ अँगस्ट्रॉमची आणि दुसरी १५.२६ ची. शास्त्रज्ञांच्या बोलीत त्या तीन-सी आणि तीन-डी. आम्ही सोयीसाठी पहिलीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणू. दोन्ही एकाच अणूच्या, दोन्हींत तिसऱ्या घरात गेलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या घरात परत उडी मारतो आणि उडीची उंचीही जवळजवळ सारखीच. फरक एवढाच की थोरलीची उडी निसर्गनियमाप्रमाणे राजरोस आहे. धाकटीची उडी जुन्या साध्या नियमांप्रमाणे निषिद्ध. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेमुळे आणि सापेक्षतेच्या परिणामामुळे ह्या दोन अवस्था किंचित एकमेकींत मिसळतात आणि थोरलीच्या बळातून थोडे उसने घेऊन धाकटी आपला संसार चालविते. किती उसने घेतले, हेच गणित अवघड. दहा इलेक्ट्रॉन, प्रत्येक इतर नऊंना ढकलतो आहे. एकाने कूस बदलली की सर्वांचे स्थान बदलते. अलीकडच्या गणितांत असल्या लाखो संभाव्य मांडण्या एकत्र धरल्या जातात.

ह्या जोडीचे महत्त्व यातच आहे. एरवी दोन रेषांच्या प्रमाणात तापमान येते, घनता येते, द्रव्याचे प्रमाण येते आणि काहीही जुळेना झाले तर ह्यांपैकी एखाद्यावर खापर फोडता येते. येथे तशा पळवाटा फारशा नाहीत. एकच मूलद्रव्य, एकच अवस्था, एकच वायू. प्रमाण चुकले तर अणूचे गणित तपासावयास हवे. सराफाने कसोटीचा दगड निवडावा तशी ही जोडी निवडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि कसोटी लागली नाही. सूर्याच्या वर्णपटांत थोरली धाकटीच्या दुपटीच्या आसपास, कधी कमी, कधी जास्त. त्या वेळचे गणित चौपटीजवळ. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हा घोळ स्पष्ट झाला, आणि मग माणसाचा स्वभाव कसा असतो पाहा. पहिला संशय सूर्यावर आला. संशयाला आधार होता, नाही असे नाही. थोरलीचा प्रकाश ज्या अणूतून निघतो तसल्याच दुसऱ्या अणूला वाटेत भेटला तर तो त्याला गिळतो आणि भलत्याच दिशेला पुन्हा सोडतो. थोरली बलवान म्हणून तिच्यावरच हा प्रसंग अधिक. आपल्या दिशेने निघालेला तिचा प्रकाश वाटेतच पांगतो, धाकटीचा मात्र सुखरूप पोचतो. म्हणून थोरली मंद दिसते. विवरण सुबक होते. इतकेच नव्हे, तर ते उपयोगी होते: थोरली किती मंद झाली यावरून प्रभामंडलाची जाडी आणि घनता काढता येईल असे वाटले. तसे प्रबंध लिहिलेही गेले. जी तफावत गणिताच्या चुकीची खूण असू शकत होती, तिचे असे मापनसाधन होऊन बसले. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातले सर्वांत धोक्याचे वळण हेच. गणित चुकीचे म्हणणाराला निदान गणित पुन्हा करावे लागते; पण चूकच कामाला लावली की तिच्याकडे संशयाने कोणी पाहत नाही.

ह्यातून सुटका व्हावयाची तर ताऱ्याला बाजूला ठेवून तेच लोखंड पृथ्वीवर तयार करावयास हवे होते. तसे यंत्र १९८६ साली कॅलिफोर्नियात लिव्हरमोर येथे झाले. मोठ्या चुंबकाने दाबून केसासारखी बारीक केलेली इलेक्ट्रॉनांची धार, आणि तिच्याभोवती विजेच्या सापळ्यात अडकवलेले अणू. धार अणूंवर आदळत राहते आणि त्यांचे इलेक्ट्रॉन एकामागून एक सोलले जातात. धारेचा जोर पाहिजे तेथे थांबवला की पाहिजे ती अवस्था मिळते. सापळ्यातला वायू इतका विरळ की तेथे प्रकाश पांगण्याचा प्रश्नच येत नाही. १९९८ साली ब्राउन, बायर्सडॉर्फर आदी मंडळींनी तेथे मोजलेले प्रमाण आले ३.०४. दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा आकडाही २.९ च्या आसपास. गणिताहून कमी! सूर्याने काही न करताच आकडा बराच खाली आला होता. २००१ साली त्याच ब्राउन यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. पंधराच इलेक्ट्रॉन गेलेले, म्हणजे एक पायरी मागे राहिलेले लोखंडही सोबत असले तर त्याची एक रेषा नेमकी धाकटीच्या अंगावर येऊन पडते आणि धाकटी आहे त्याहून पुष्ट दिसते. मग प्रमाण १.९ पर्यंतही उतरते. सूर्याच्या बहुतेक कमी आकड्यांना हे कारण पुरे होते, पांगण्याची गरज उरत नव्हती. इतक्या वर्षांचा आरोपी बव्हंशी निर्दोष सुटला.

येथे ब्रह्महृदयाचा प्रवेश होतो. २३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण अंतराळात सोडली. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव तिला दिलेले आहे. सोन्याच्या अतिसूक्ष्म गजांच्या जाळ्या लावून ती क्ष-किरणांचा वर्णपट पसरते. नवे उपकरण हाती आले की प्रथम ते ओळखीच्या वस्तूवर लावून पाहावे लागते, आणि क्ष-किरणांत तेजस्वी, रेषांनी गच्च भरलेला व नेहमी हजर असा तारा म्हणजे ब्रह्महृदय. म्हणून चंद्राने तो पुनःपुन्हा पाहिला. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील ब्रिकहाउस आणि ड्रेक यांनी ह्या परीक्षेच्या वेधांचाच उपयोग करून घेण्याचे ठरविले. ब्रह्महृदय, प्रश्वा आणि वृषभ राशीतील एक जोडतारा, ह्या तिघांच्या वर्णपटांशी अणुगणिताच्या याद्या रेषेगणिक ताडून पाहावयाच्या, अशी ती योजना होती. म्हणजे ताऱ्याचा अभ्यास करण्यासाठी यादी नव्हे, तर यादीचा अभ्यास करण्यासाठी तारा. हा उलटा व्यवहार आम्हांला फार आवडला.

त्याची गरज आधीच दिसली होती. १९९३ साली सुटलेल्या जपानच्या ॲस्का ह्या उपग्रहाने ब्रह्महृदयाचा वर्णपट आणला, तेव्हा दहा अँगस्ट्रॉमच्या आसपास प्रकाश होता पण यादीत रेषाच नव्हत्या. ताऱ्यात काही अद्भुत घडत नव्हते. लोखंडाच्या अधिक वरच्या घरांतून होणाऱ्या उड्या यादी करणारांनी धरल्याच नव्हत्या. आणि चंद्राच्या जाळीतून आमच्या दोन रेषा सुट्या दिसल्या, तेव्हा ब्रह्महृदयाचे प्रमाण अडीच ते तीन यांच्या दरम्यान पडले. दूर आकाशातला तारा आणि लिव्हरमोरचा सापळा एका बाजूला झाले. गणित दुसऱ्या बाजूला एकटे उरले. (आपल्या ॲस्ट्रोसॅटवरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेली क्ष-किरण दुर्बीण येथे का वापरली नाही, असे कोणी विचारील. त्या दुर्बिणीचे काम निराळे आहे. ह्या दोन रेषांत दीड-दोन टक्क्यांचेच अंतर, आणि ती दुर्बीण त्यांना वेगळे करण्यासाठी बांधलेली नाही.)

आता गणितावर दोषारोप सिद्ध झाल्यासारखेच होते. तरी एक फट होती. सापळ्यात काय किंवा ताऱ्यात काय, रेषा पेटते ती इलेक्ट्रॉनांच्या आघाताने. आणि आघाताचे गणित हे स्वतंत्र प्रकरण आहे. चूक आघाताच्या गणितात आहे की अणूच्या मूळ घडणीत? हे निवडायचे तर आघात टाळून अणूला शुद्ध क्ष-किरणांनीच पेटवावयास हवे. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील मंडळी आपला सापळा उचलून कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेझरपाशी घेऊन गेली. लेझरचा प्रकाश ऐन थोरलीच्या आणि धाकटीच्या तरंगलांबीवर लावला, अणूंनी तो गिळून परत सोडला, आणि प्रमाण आले २.६१. बेर्निट आणि सहकारी यांचा हा निबंध २०१२ च्या डिसेंबरात नेचर नियतकालिकात आला. निष्कर्ष असा की आघात निर्दोष आहे, दोष अणूच्या घडणीच्या गणितात आहे. निकाल लागला असे पुष्कळांना वाटले.

परंतु गणित करणारे स्वस्थ बसले नाहीत. २०१४ साली त्याच हायडेलबर्गच्या संस्थेतील ओरेश्किना आदींनी दाखविले की लेझरचा झोत इतका प्रखर होता की बलवान थोरली त्यात काही अंशी तृप्त होऊन जाते आणि तिचे बळ कमी भासते. तेव्हा मंद प्रकाश हवा. २०२० साली हायडेलबर्गच्याच क्यून आणि मंडळींनी नवा सापळा हॅम्बर्गला पेट्रा येथे बसविला. हे सव्वादोन किलोमीटरहून अधिक घेराचे वलय. त्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून सौम्य पण अत्यंत शुद्ध क्ष-किरण मिळतात. प्रमाण आले ३.०९. २.६१ हून बरेच वर, पण गणित आता ३.५५ वर ठाम होते, आणि मोजणीची चूक धरूनही दोघांत अंतर राहत होते. गणिताच्या बाजूने लाखो मांडण्या धरल्या, आणखी वाढविल्या, तरी आकडा हलेना. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे वाटत होते. ही अवस्था फार क्लेशकारक असते.

त्याच मंडळींनी तीच मोजणी पुन्हा केली. रेषा वेगळी करण्याची शक्ती अडीचपट वाढविली, आणि नको असलेल्या गोंगाटाच्या तुलनेत रेषेचा आवाज हजारपट उंच केला. तेव्हा जे दिसले ते असे. कोणतीही प्रकाशरेषा ही खरोखरीची रेषा नसते. ती एका डोंगरासारखी असते. मधोमध शिखर, आणि दोन्ही बाजूंना लांबच लांब पसरत जाणारा पायथ्याचा उतार. हा उतार इतका मंद असतो की मागच्या धूसर उजेडात तो मिसळून जातो. आजवरच्या मोजणीत मागचा उजेड म्हणून जे वजा केले जात होते, त्यात हा उतारही वजा होत होता. दोन्ही रेषांचा सारखाच वजा झाला असता तर प्रमाणाला धक्का लागला नसता. पण रेषेची नैसर्गिक रुंदी तिच्या बळाच्या मानाने असते. थोरली बलवान, म्हणून तिचा पायथा अधिक रुंद, म्हणून तिचेच अधिक नुकसान. वाटणी करताना थोरल्या भावाच्या शेताची बांधाकडची जमीन दरवेळी गायरान म्हणून सोडून द्यावी, तसा प्रकार. उतार धरून हिशेब केला तेव्हा प्रमाण आले ३.५१. गणित ३.५५. निबंध डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ च्या निबंधाला बरोबर दहा वर्षे झाली होती. हायडेलबर्गच्या गटाने गणिताला दोषी ठरविले होते, आणि हायडेलबर्गच्याच गटाने ते निर्दोष ठरविले. स्वतःचा गाजलेला निकाल स्वतः फिरविण्याइतके मनाचे धैर्य दुर्मीळ आहे. आमच्या साहित्यात आणि राजकारणात तर विचारूच नका.

तेव्हा पहिला आरोप सूर्यावर, तो बहुतांशी टिकला नाही. दुसरा गणितावर, तोही टिकला नाही. चूक सापडली ती ज्याला कोणी काही समजत नव्हते अशा पार्श्वभूमीत. कोरोनियमच्या वेळीही चूक चौदा अँगस्ट्रॉमच्या शेजारणीत होती. मात्र दोन्ही गोष्टी सारख्या समजू नयेत. १८९८ साली माप सुधारल्याने उत्तर दूर गेले. २०२२ साली माप सुधारल्याने उत्तर जवळ आले. इतिहास कधी कधी असा खोडसाळपणा करतो आणि त्याच्याकडून नियम काढू पाहणाराची फजिती होते.

मग ब्रह्महृदयाचे काय? तेथले प्रमाण अजूनही तीनच्या आतच आहे. २०२२ च्या मोजणीने अणूची मूळ घडण बरोबर ठरली. ताऱ्यात रेषा पेटते ती आघाताने, तो हिशेब वेगळा. त्यात एक पायरी मागे राहिलेल्या लोखंडाची भेसळ किती, आघाताच्या गणितातली उणीव किती, आणि ज्या पांगण्यावर एकेकाळी सारा भार टाकला होता ते खरोखरीचे पांगणे किती, ह्या तिघांची वाटणी आता नव्याने करावयाची आहे. आजवर ती करता येत नव्हती, कारण पायाच डळमळत होता. दूरच्या दीर्घिकांत तप्त वायू किती खवळलेला आहे हेसुद्धा थोरलीच्या मंदपणावरून काढतात. तेथील जुने आकडेही पुन्हा तपासावे लागणार.

हे काम सोपे व्हावे असे उपकरण अंतराळात गेले आहे, पण त्याची एक चुटपुट आहे. जपानने ७ सप्टेंबर २०२३ रोजी क्रिझ्म नावाची वेधशाळा सोडली. तिच्यातील क्ष-किरण मापक निरपेक्ष शून्याच्या एक विसांश अंशापर्यंत गार ठेवलेला असून, एकेका क्ष-किरण कणाने होणारी तापमानातली वाढ मोजून तो त्याची शक्ती सांगतो. लोखंडाच्या रेषा त्याने आजवर न दिसलेल्या बारकाव्याने दाखविल्या. मात्र त्या मापकापुढे रक्षणासाठी बेरिलियमची पातळ चकती बसविलेले एक दार आहे. अंतराळात गेल्यावर ते उघडावयाचे होते. प्रयत्न झाले, पण ते उघडले नाही. जास्त शक्तीचे क्ष-किरण त्या चकतीतून पार जातात. पंधरा अँगस्ट्रॉमचे सौम्य क्ष-किरण तेथेच अडतात. आमच्या दोन रेषा, थोरली आणि धाकटी, त्या बंद दाराच्या अलीकडेच राहिल्या आहेत.